झुंडीला चेहरा असतो

‘झुंडीला चेहरा नसतो’ हे वाक्य आपल्याकडे अग्रलेखापासून चहाच्या टपरीपर्यंत चालतं. पुरावा कुणी मागत नाही. विल्यम वेलमनच्या ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ (१९४३) या वेस्टर्नपटाचं कौतुकही बहुधा याच भाषेत होतं. अडाणी जमाव भडकतो, तीन निरपराधांना लटकवतो. कायदा लांब असला की असंच व्हायचं, असा त्याचा अर्थ लावतात.

हा अर्थ पडद्यावर दिसत नाही. शेरीफ गावात नसतो, पण त्याचा डेप्युटी असतो. अधिकार नसताना तोच सगळ्यांना शपथ देतो. न्यायाधीशाने आधीच बजावलेलं असतं. पुढारपण करतो मेजर टेटली: लष्करी गणवेशातला, घरंदाज, मुलाला ‘मर्द’ करायला फरफटत आणलेला बाप. आणि रागाच्या भरात म्हणावं तर ही मंडळी पहाटेपर्यंत थांबतात, पकडलेल्याला बायकोला पत्र लिहू देतात, चक्क मतं घेतात. खटला चालवा म्हणणारे सात जण बाजूला होऊन उभे राहतात, बाकीचे जागचे हलत नाहीत. डोकं फिरलेला जमाव मतं मोजत नसतो. ज्याच्या खुनाची शिक्षा म्हणून हे सगळं चाललं, तो जिवंत असल्याचं फाशीनंतर कळतं.

पडद्याबाहेरही असंच घडलं आहे. तंजावर म्हटलं की आपल्याला सरफोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो, कीळवेणमणी नाही. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातलं हे गाव आज नागपट्टिनम जिल्ह्यात आहे. कावेरीच्या भातखाचरांत राबणारे दलित मजूर लाल बावट्याखाली एकत्र आले होते, मजुरीत थोडं जास्त भात मागत होते. २५ डिसेंबर १९६८ ला झालेल्या चकमकीत जमीनदारांच्या बाजूचा एक माणूस मेला. रात्री वस्तीवर हल्ला झाला. बायका, मुलं, म्हातारे एका झोपडीत लपले. ती पेटवून दिली गेली. ४४ जण जळून मेले.

खालच्या कोर्टाने भातउत्पादक संघाचे अध्यक्ष गोपालकृष्ण नायडू आणि आणखी काही जणांना दहा वर्षांची शिक्षा दिली. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडलं. निकालातला तर्क असा, की आरोपी श्रीमंत आहेत, मोठ्या जमिनींचे मालक आहेत, एकाकडे तर मोटार आहे. असे लोक नोकरांना न पाठवता स्वतः पायी जाऊन घरं पेटवतील हे पटत नाही. म्हणजे झुंड करायची ती गरिबाने. बिनचेहऱ्याच्या झुंडीची कल्पना कुणाच्या कामी येते, ते इथे दिसतं.

रैनपाड्याचं काय, असं कुणी विचारेल. धुळे जिल्ह्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारलं, तिथे कुणी मेजर नव्हता. मान्य. पण मारलं ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून, आणि मेले ते भटके नाथपंथी डवरी गोसावी. अफवासुद्धा माणूस बघूनच पसरते.

चित्रपटाच्या शेवटी नायक हेन्री फोंडा बायकोला लिहिलेलं ते पत्र वाचून दाखवतो. लोक त्यावरच गहिवरतात; मला तो भाग उपदेशाचा वाटतो. तुम्ही तो जेमतेम सव्वा तासाचा चित्रपट लावाल तेव्हा मतदानाचा प्रसंग दोनदा पाहा, आणि जागचे न हललेले लोक कुणाच्या तोंडाकडे बघतात तेवढं टिपा.