शेठची वही कोण वाचणार?

२६ जुलै २००५च्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी बाबा उल्हासनगरच्या दुकानात पोचले. गाड्या बंद होत्या, म्हणून बदलापूरहून बरंचसं अंतर चालत. वालधुनीचं पाणी दुकानात छातीपर्यंत चढून उतरलं होतं. कापडाचे तागे चिखलात लोळत होते आणि टेबलाखालचा कॉम्प्युटर गाळानं भरला होता. त्यात तीन वर्षांचे हिशेब होते. बॅकअप होता, पण फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी त्याच टेबलाच्या खणात.

माळ्यावर मात्र लाल कापडी बांधणीची एक वही कोरडी राहिली होती. शेठची उधारीची वही. अडचण एकच होती. शेठ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते, आणि त्यांची लिपी त्यांच्या मुलालाही वाचता येत नव्हती.

ती लिपी म्हणजे हटवाणिका. सिंधी व्यापाऱ्यांची, पेढीवरची. आपल्या मोडीसारखीच भराभर लिहिण्यासाठी घडलेली, पण मोडीच्या एक पाऊल पुढे गेलेली: काना, मात्रा, वेलांटी जवळजवळ नाहीच. मारवाडी व्यापाऱ्यांची महाजनीही तशीच. तिच्याबद्दलचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल. ‘काकाजी अजमेर गये’ असं पत्र आलं, घरच्यांनी वाचलं ‘काकाजी आज मर गये’, आणि रडारड सुरू झाली.

ही उणीव सरकारलाही दिसली होती. १८५३ मध्ये इंग्रजांनी सिंधीसाठी अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी ठरवली. हिंदू व्यापाऱ्यांनी वह्या काही बदलल्या नाहीत. मग १८६८ मध्ये मुंबई सरकारनं सिंधमधल्या शिक्षण खात्यातले अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे काम सोपवलं. व्यापाऱ्यांचीच लिपी घ्यायची, तिला स्वर जोडायचे, नीट करायची. वैद्यांच्या नावाची शाळा आजही कराचीत उभी आहे. ती सुधारलेली लिपी मात्र पेढ्यांवर रुजली नाही.

का? मला वाटतं, सरकार ज्याला दोष समजत होतं, तोच व्यापाऱ्याला गुण वाटत होता. नोकरानं, शेजाऱ्यानं किंवा प्रतिस्पर्ध्यानं वही उघडली तरी त्याला काही कळू नये. आज आपण त्याला एन्क्रिप्शन म्हणतो. धंदा नवं तंत्र सोयीचं आहे एवढ्यानं घेत नाही. ते घेतल्यावर आपली वही कोण वाचणार, हे तो आधी पाहतो.

१९४७ नंतर हीच माणसं कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत आली. घरं, जमिनी, दुकानं तिकडेच राहिली. हिशेबाची पद्धत डोक्यात होती, ती सोबत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. ‘कॅम्प नंबर’ मात्र पत्त्यात अजून आहेत. फाळणीत सगळं गमावलेल्यांना कोण बँक कर्ज देणार? बाजार उभा राहिला तो एकमेकांच्या उधारीवर.

पुढचं स्टेशन अंबरनाथ. तिथला नियम उलटा. काका तिथल्या एका कारखान्यात होते. १९५३ मध्ये सुरू झालेला मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना असो नाहीतर विमकोचा काडेपेट्यांचा, तिथं मस्टर, जॉब कार्ड, ड्रॉइंग हे दुसऱ्या पाळीच्या माणसाला वाचता आलंच पाहिजे. नाहीतर मशीन बंद. कारखान्याची माहिती सगळ्यांसाठी, दुकानाची एकट्यासाठी. बाबा आणि काका एकाच लोकलनं जायचे, पण दोघांचं जग वेगळं होतं.

दुकानात कॉम्प्युटर शेठच्या मुलानं आणला, २००२ मध्ये. सोबत टॅली. या सॉफ्टवेअरचा जन्मही एका धंद्याच्या गरजेतूनच झालेला. १९८६ मध्ये बंगळुरात श्यामसुंदर गोएंकांना आपल्या व्यवसायासाठी हिशेबाचं मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांच्या मुलानं, भरत गोएंकांनी, ते लिहिलं. खात्यांना सांकेतिक क्रमांक देण्याची कटकट त्यात नव्हती. कीर्द-खतावणी जाणणारे बाबा महिन्याभरात त्यावर बसले. शेठ नाही बसले. बिलं टॅलीत, पण कोणाला किती सवलत दिली, कोणी दिवाळीनंतर देतो म्हणालं, ते सगळं वहीत.

त्या एप्रिलपासून महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला होता, म्हणजे हिशेब नीट हवेच होते. आणि पुरानंतर हाती उरली ती न वाचता येणारी वही. इतक्या वर्षांत बाबांना त्यातले आकडे ओळखू येऊ लागले होते. नावं नाही.

मग त्यांनी एक केलं. पानापानावरचे आकडे कागदावर उतरवून घेतले आणि गिऱ्हाइकांना निरोप धाडले. माणूस यायचा. बाबा त्याला आकडा सांगायचे नाहीत, फक्त विचारायचे, “तुमच्याकडे किती निघतात?” त्यानं सांगितलेली रक्कम यादीत सापडली की त्या आकड्यापुढे देवनागरीत त्याचं नाव लिहायचे. काहींचे स्वतःचे संसार वाहून गेले होते, तरी आले. काही आलेच नाहीत. वहीतले बरेच आकडे शेवटपर्यंत बिननावाचे राहिले. दुकान त्या दिवाळीपर्यंत तग धरून राहिलं, ते आलेल्यांच्या जिवावर.

आता मी उल्हासनगर आणि अंबरनाथच्या छोट्या धंद्यांचे हिशेब पाहतो. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि वही बंद ठेवायची सोयच संपली. तुमचं बिल समोरच्याच्या खात्यात दिसतं. एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली खाडाखोडही नोंदली जावी लागते. सरकारला आता सगळं वाचता येतं. पण पासवर्ड एकट्या मालकाला माहीत, ओटीपी त्याच्याच फोनवर, आणि उधारी व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये. नवी हटवाणिकाच ती.

२०१४ मध्ये वैद्यांच्या काळातली ती सुधारलेली लिपी, खुदाबादी, युनिकोडमध्ये आली. मी तक्ता समोर ठेवून शेठच्या वहीचं पहिलं पान लावून पाहिलं. निम्मीच अक्षरं जुळली. शेठचं वळण त्यांचं स्वतःचं होतं.

म्हणून नव्या दुकानात गेलो की कोणतं सॉफ्टवेअर वापरता, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, “हे उघडता येणारा दुसरा माणूस कोण?” बहुतेक मालक थोडा वेळ गप्प बसतात.