चौरस फूट ते किलोवॅट : भाड्याच्या एका कागदाचं वाचन

तंत्रज्ञानाचा इतिहास अभ्यासायचा म्हटलं की आपण पेटंट, शोधनिबंध आणि संस्थापकांच्या मुलाखतींकडे धावतो. बिलं, ऑर्डरी, भाडेकरार यांकडे सहसा कुणी बघत नाही. खरं तर एखादी गोष्ट कोणत्या मापाने विकली जात होती, हे तिथेच कळतं. माप बदललं की खर्च कुणावर पडतो तेही बदलतं. आज एकच कागद घेऊन हे कसं वाचायचं ते बघूया.

कागद काय सांगतो

गुगलचे सुरुवातीचे अभियंते उर्स होल्झले यांनी 2014 साली कंपनीच्या डेटा सेंटर भाड्याच्या पहिल्या ऑर्डरची प्रत इंटरनेटवर टाकली आणि सोबत आठवणी लिहिल्या. गोष्ट 1999 च्या सुरुवातीची, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारामधली. एक्झोडस नावाची कंपनी मोठ्या इमारतीत जागा, वीज, थंडावा आणि इंटरनेट पुरवायची. भाडेकरू आपापली मशीन आणून ठेवत. गुगलच्या वाट्याला आलेला जाळीचा कप्पा, या धंद्यातल्या भाषेत केज, 7 फूट बाय 4 फूट एवढाच होता. त्यात साधारण 30 पीसी फळ्यांवर मांडलेले होते.

इंटरनेटचा दर होता 1 एमबीपीएसला महिना 1,200 डॉलर, आणि किमान 2 एमबीपीएस घ्यावे लागले. तेवढी गरज त्यांना 1999 च्या उन्हाळ्यापर्यंत पडलीच नाही.

आता आपल्या कामाची ओळ. ऑर्डरवर हाताने लिहिलंय की 20 अँपिअरची तीन सर्किट यात धरलेली आहेत. होल्झले यांच्या पोस्टमध्ये याचं स्पष्टीकरण आहे. त्या काळी जागा चौरस फुटावर विकली जायची आणि विजेचा विचार फारसा होत नसे. मोठाले सर्व्हर जागा भरपूर अडवत, पण जागेच्या मानाने वीज कमी खात. गुगल मात्र स्वस्त पीसी दाटीने कोंबत होतं. त्यामुळे दर चौरस फुटाला वीज जास्त लागे, आणि वाटाघाटीत ती बऱ्याचदा फुकट पदरात पडे.

थोडं गणित करूया

स्रोत वाचताना आकडे स्वतः करून बघायची सवय लावा. अमेरिकेतली 120 व्होल्टची लाइन धरली तर 20 अँपिअरचं एक सर्किट म्हणजे 2,400 वॅट. सतत चालणाऱ्या लोडसाठी तिथे सर्किटच्या 80 टक्केच वापरायचे असतात, म्हणजे 1,920 वॅट. तीन सर्किटचे झाले 5,760 वॅट. महिनाभर, म्हणजे 720 तास, पूर्ण वापर झाला तर सुमारे 4,150 युनिट. हिशेबापुरता युनिटला 10 सेंट दर धरा : 415 डॉलर. शेजारी इंटरनेटचं बिल ठेवा : 2,400 डॉलर.

वीज फुकट का देत होते हे इथे कळतं. एक्झोडसचे लोक वेडे नव्हते. त्यांच्या हिशेबात वीज ही किरकोळ बाब होती.

पण युनिटचं बिल ही अर्धीच बाजू. तेवढी वीज कधीही लागेल म्हणून ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, जनरेटर आणि एसी आधीच उभे करावे लागतात. वापरलेली प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होते, आणि ती बाहेर काढायलाही वीजच लागते. सगळेच भाडेकरू गुगलसारखे वागायला लागले तर? जागा शिल्लक राहते, वीज आणि थंडावा संपतो. म्हणजे मालक विकत होता फरशी, आणि त्याच्याकडे खरी मर्यादित गोष्ट होती वीज.

माप कसं सरकलं

पुढच्या काळात आकारणी हळूहळू विजेकडे सरकली. एक पद्धत सर्किटवर भाड्याची. 20 अँपिअरचं सर्किट घेतलं की वापरा किंवा नका वापरू, पैसे ठरलेले. सुरक्षिततेसाठी दोन वेगळ्या लाइन घेतल्या तर एक बंद पडल्यावर दुसरीला सगळा भार पेलावा लागतो. म्हणून दोन्ही मिळूनही 16 अँपिअरच्या वर जाता येत नाही, भाडं मात्र दोन सर्किटचं. दुसरी पद्धत मीटरची. तिसरी, मोठ्या ग्राहकांसाठी, राखून ठेवलेल्या किलोवॅटवर महिन्याचं भाडं.

2007 हे वर्ष नोंदवून ठेवा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने त्या वर्षी संसदेला दिलेल्या अहवालात 2006 मधला डेटा सेंटरचा वापर 61 अब्ज युनिट, म्हणजे देशाच्या विजेच्या सुमारे 1.5 टक्के, असा मांडला. त्याच वर्षी गुगलच्या फॅन, वेबर आणि बरोसो यांच्या शोधनिबंधाने दाखवलं की वीजक्षमता उभारायचा खर्च प्रत्यक्ष वीजबिलाच्या तोडीचा असू शकतो. पीयूई हे गुणोत्तर रूढ झालं तेही याच सुमारास : इमारतीची एकूण वीज भागिले मशीनची वीज. मशीन 5 किलोवॅट खात असतील आणि पीयूई 1.6 असेल, तर इमारत 8 किलोवॅट खाते. मधले 3 किलोवॅट कुणी भरायचे, हा करारातला कळीचा प्रश्न झाला.

आज ऐरोली-रबाळेतल्या डेटा सेंटरची बातमी वाचा. क्षमता मेगावॅटमध्ये दिलेली असते.

दोन सावधगिऱ्या

एक, हा कागद गुगलचा आहे म्हणून टिकला आणि 15 वर्षांनी कौतुकाने छापला गेला. त्याच इमारतीतल्या, नंतर बुडालेल्या भाडेकरूंच्या ऑर्डरी आपल्यासमोर नाहीत. तेव्हा एका कागदावरून ‘सगळ्यांना वीज फुकट होती’ असं लिहू नका. ‘फुकट मिळवता येत होती’ एवढंच तो सिद्ध करतो.

दोन, एक्झोडसने सप्टेंबर 2001 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ‘वीज फुकट वाटली म्हणून बुडाले’ हे वाक्य लिहायचा मोह होईल, पण डॉटकॉमचा फुगा फुटणं, गळालेले ग्राहक आणि कर्ज ही कारणं समोर असताना एका हस्तलिखित टीपेवर एवढं ओझं टाकता येत नाही.

तुमचा विषय वेगळा असला तरी प्रश्न हेच राहतात. माप कोणतं? मापाबाहेर राहिलेला खर्च कोण उचलतं? माप बदललं तेव्हा कुणाचा फायदा झाला? आपल्याकडे कृषिपंपाचं बिल अश्वशक्तीवर की मीटरवर, या वादातही हाच प्रश्न आहे. अश्वशक्तीवर बिल असेल तर पंप दोन तास चालो की आठ, आकडा तोच. सिनॉप्सिस लिहिण्याआधी आपल्या विषयातलं एक जुनं बिल शोधा आणि त्यातला प्रत्येक रकाना कशाच्या मापात आहे ते लिहून काढा.