तात्पुरता एक सेंट: ओक्लाहोमा सिटीची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका प्रश्नानं. समजा तुमच्या महानगरपालिकेनं तुम्हाला मतदान केंद्रावर बोलावलं आणि विचारलं, "तुमच्या खरेदीवरचा कर वाढवू का? हो की नाही?" काय उत्तर द्याल?

आपल्याला असं कुणी विचारत नाही, ते सोडा. आपल्याकडे जकात होती, मग काही शहरांत एलबीटी आला, २०१३ साली पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकानं बंद ठेवली, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईतली जकातही गेली. निर्णय कधी मुंबईत झाले, कधी दिल्लीत. ग्राहकाला कळलं ते थेट बिलावर. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत मात्र विक्रीकर वाढवायचा तर लोकांची मतं घ्यावी लागतात. आणि गंमत म्हणजे लोक कधीकधी चक्क "हो" म्हणतात.

ओक्लाहोमा सिटी. तेलाच्या जिवावर वाढलेलं शहर. १९८२ मध्ये तिथली पेन स्क्वेअर बँक बुडाली, तेलाचे भाव कोसळले आणि सगळं दशक मंदीत गेलं. डाउनटाउन संध्याकाळी ओस. शहरातून वाहणारी नदी इतकी कोरडी, की पालिकेला तिच्या पात्रातलं गवत कापावं लागायचं! हा तिथला जुना विनोद आहे, पण खरा आहे.

१९९१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सला विमानदुरुस्तीचं मोठं केंद्र उभारायचं होतं. ओक्लाहोमा सिटीनं सवलतींचं भलंमोठं पॅकेज पुढे केलं. कंपनी गेली इंडियानापोलिसला. का? तर आपली माणसं ओक्लाहोमा सिटीत राहतील असं कंपनीला वाटेना, असं सांगितलं जातं. महापौर रॉन नॉरिक स्वतः इंडियानापोलिस बघून आले. तिथलं गजबजलेलं डाउनटाउन बघितल्यावर त्यांना कळलं, की सवलतीत आपण कमी पडलो नाही, शहर म्हणून कमी पडलो. (ते दुरुस्ती केंद्र युनायटेडनं पुढे २००३ मध्ये बंद केलं. पण तोवर ओक्लाहोमा सिटीत बरंच काही घडून गेलं होतं.)

नॉरिक यांनी जी योजना मांडली तिचं नाव मॅप्स. दर डॉलरच्या खरेदीवर एक सेंट जादा कर, म्हणजे शंभराला एक. त्यातून नऊ कामं: बेसबॉल मैदान, कालवा, अरिना, ग्रंथालय, नाट्यगृहाची डागडुजी, नदीत पाणी अडवणं वगैरे. मतपत्रिकेवर प्रश्न एकच. बेसबॉलवाल्यानं ग्रंथालय वगळायचं नाही आणि ग्रंथालयवाल्यानं बेसबॉल. घ्या तर सगळं घ्या, नाहीतर काहीच नाही.

पण मला वाटतं खरी मेख वेगळीच होती. कर पाच वर्षांनी आपोआप संपणार होता. कर्ज काढायचं नव्हतं, पैसा जमेल तसं बांधायचं, त्यामुळे व्याजाचा बोजा नाही. आणि खर्चावर नजर ठेवायला नागरिकांचं मंडळ. ज्यांचा पालिकेवर विश्वास नाही त्यांना "विश्वास ठेवा" म्हणण्यापेक्षा हे बरं, नाही का? १४ डिसेंबर १९९३ ला मतदान झालं. ५४ टक्के हो. काठावर पास.

सोळा महिन्यांनी, १९ एप्रिल १९९५ ला, त्याच डाउनटाउनमध्ये सरकारी इमारतीसमोर बॉम्बस्फोट झाला. १६८ माणसं गेली. कर चालू राहिला, कामंही चालू राहिली. खर्च अंदाजापेक्षा वाढला, तेव्हा १९९८ मध्ये पुन्हा मतं मागून कर सहा महिने वाढवून घेतला. जुन्या गोदामांच्या ब्रिकटाउन भागात रस्ता खणून कालवा झाला. नदीत पाणी आलं. आणि बघा, लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिम्पिकमधलं कनू स्लॅलम याच शहरात होणार आहे!

आता दुसरी बाजू. तो सेंट १९९९ च्या मध्यावर संपला, दिल्या शब्दाप्रमाणे. मग २००१ मध्ये शाळांसाठी नवं मतदान झालं आणि २००२ पासून तो परत आला. त्यानंतर २००८ ला अरिनासाठी, २००९ ला मॅप्स ३, २०१७ ला रस्त्यांसाठी, २०१९ ला मॅप्स ४. प्रत्येक वेळी मुदत ठरलेली, प्रत्येक वेळी लोकांनी मत दिलेलं. पण २००२ पासून तो "तात्पुरता" सेंट एक दिवसही थांबलेला नाही. दरवेळी "कर वाढणार नाही" हेही खरंच असतं, कारण जुना संपतो तिथेच नवा सुरू होतो.

यादीचंही तसंच. मॅप्स ३ च्या वेळी कायद्याच्या अडचणीमुळे प्रकल्पांची नावं मतपत्रिकेवर नव्हती. ती नगर परिषदेच्या वेगळ्या ठरावात होती, आणि तो ठराव कायद्यानं बंधनकारक नव्हता. पोलिस आणि अग्निशमन दलाच्या संघटनांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, आधी माणसं भरा, मग कन्व्हेन्शन सेंटर बांधा. पुन्हा ५४ टक्क्यांवर सुटका.

२००८ चं मतदान मला सगळ्यात जास्त खटकतं. अरिना एनबीएच्या दर्जाचं करायला पंधरा महिन्यांचा सेंट. लोक हो म्हणाले आणि सिएटलचा संघ इकडे येऊन थंडर झाला. सिएटलच्या मतदारांनी २००६ मध्येच उलटा कौल दिला होता: क्रीडा संघांना शहराचा पैसा द्यायचा तर शहराला परतावा मिळालाच पाहिजे. संघ गेला, पैसा वाचला. कोण शहाणं? सिएटलवाले अजून त्यावर भांडतात. डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमा सिटीनं ७१ टक्क्यांनी नव्या अरिनालाही हो म्हटलं. खर्च किमान ९० कोटी डॉलर, त्यात संघाच्या मालकांचे ५ कोटी. २०२५ मध्ये थंडर एनबीए विजेते झाले, त्यामुळे तक्रार करणाऱ्याचं सध्या कुणी ऐकणार नाही.

तरी सांगतो. विक्रीकर श्रीमंत-गरीब बघत नाही. ज्याची सगळी कमाई खरेदीत जाते, त्याच्या खिशाला तो जास्त लागतो. ओक्लाहोमातल्या शहरांना रोजच्या कारभारासाठी मालमत्ता कर वापरताच येत नाही, म्हणून ती विक्रीकरावरच जगतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानं किराण्यावरचा आपला साडेचार टक्के कर काढून टाकला. शहराचा मात्र राहिला. त्यामुळे दूध-अंड्यांच्या पावतीवर अजूनही अरिनाचा वाटा असतो, आणि तो भरणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना आतल्या सामन्याचं तिकीट परवडत नाही.