सुरेबानची रात्र

बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात, रामदुर्गाहून नरगुंदाकडे जाणाऱ्या वाटेवर सुरेबान हे गाव आहे. २९ मे १८५८ च्या रात्री दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांचा पोलिटिकल एजंट चार्ल्स मॅन्सन मोजक्या स्वारांनिशी तेथे मुक्कामास होता. तो पालखीत निजला असता नरगुंदचे अधिपती भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांनी काही शे माणसांसह त्याच्या तळावर छापा घातला. मॅन्सनने पिस्तूल झाडले. परंतु तो मारला गेला. त्याचे शिर नरगुंदाच्या वेशीवर टांगण्यात आले.

हे कृत्य क्षणिक संतापाचे नव्हते. बाबासाहेब हे सहस्रावधी ग्रंथांचा संग्रह करणारे विद्याव्यासंगी गृहस्थ. त्यांना पुत्र नव्हता, आणि दत्तक घेण्याची त्यांची विनंती सरकारने अमान्य केली होती. वारसाविना संस्थानाचे काय होते, हे या मुलखाने पाहिले होते. १८३९ साली निपाणीकर सिद्धोजीराव निंबाळकर निवर्तले आणि त्यांची जहागीर खालसा झाली. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपतींचे राज्यही गेले. त्यातच इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा तपासून वतनदारांची झोप उडविली होती. मॅन्सन त्या कमिशनच्या कामात वावरलेला अधिकारी होता. शेवटी शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम आला आणि सहनशीलतेचा अंत झाला.

परंतु या उठावाची बांधणी कच्ची होती. मुंडरगीचे भीमराव त्याच आठवड्यात उठले आणि १ जूनला कोप्पळच्या किल्ल्यात लढताना पडले. बाबासाहेबांचे सावत्र बंधू रामदुर्गकर इंग्रजांच्या बाजूस राहिले. कर्नल माल्कमच्या फौजेपुढे नरगुंद दोन दिवसांत पडले. यात्रेकरूच्या वेषात निघालेले बाबासाहेब तोरगलच्या रानात फ्रँक सूटर या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती सापडले. १२ जून १८५८ रोजी बेळगावात त्यांना फाशी देण्यात आले. छाप्यापासून फासापर्यंत अवघे चौदा दिवस! त्यांच्या माता व पत्नी यांनी मलप्रभेच्या पात्रात देह टाकला. संस्थान खालसा झाले.

निजलेल्या शत्रूवर छापा घालून त्याचे शिर मिरविणे याची भलावण कोणी करू नये. मॅन्सनने मरतेवेळी हाती शस्त्र धरले, हेही विसरू नये. तथापि इतिहासाचा न्याय एका रात्रीपुरता पाहता येत नाही. ज्या दत्तकाच्या हक्कासाठी नरगुंद बुडाले, तोच हक्क लॉर्ड कॅनिंगने १८६२ साली सनदा देऊन अनेक संस्थानिकांना बहाल केला. सरकारला आपली चूक उमगली होती. ती कबूल करण्यास मात्र चार वर्षांचा उशीर झाला होता.

रामदुर्ग संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. आज ही सारी गावे कर्नाटकात आहेत. नरगुंदकरांची कथा मराठीत सांगतात, तशीच ती कन्नडातही सांगतात. त्या रात्रीचे ऋण दोन्ही भाषांवर सारखेच आहे.