आजोबांची बंदी, नातवाचे पिस्तूल

१/ इ.स. १५१७. पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने आपल्या ऑस्ट्रियन मुलखात एका नव्या धाटणीच्या बंदुकीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी ती बंदी साम्राज्यभर लागू झाली. पंचवीस-तीस वर्षांनी त्याच धाटणीचे एक पिस्तूल त्याच्या नातवासाठी, सम्राट पाचव्या चार्ल्ससाठी, दागिन्यासारखे घडवले गेले.

२/ बंदीचे कारण होते भीती. तोड्याची बंदूक लपवणे अशक्यच. जळत्या वातीचा धूर आणि वास तिचा ठावठिकाणा सांगत असे. नव्या ‘व्हील-लॉक’ला वातच नव्हती. किल्लीने ताणलेले पोलादी चाक चाप ओढताच गरकन फिरे, पायराइटच्या खड्यावर घासे आणि ठिणग्यांनी रंजक पेट घेई. भरलेले शस्त्र आता अंगरख्याखाली दडवता येत होते. मारेकऱ्याला आणखी काय हवे?

३/ चार्ल्सचे पिस्तूल म्युनिकच्या पीटर पेक याने १५४०–४५च्या सुमारास घडवले. पेक बंदुका बनवी, तशीच घड्याळेही. हा योगायोग नव्हे. चाक, कमान आणि साखळी यांची सूक्ष्म जुळणी दोन्ही कामांत लागे. या पिस्तुलाला दोन नळ्या आहेत आणि प्रत्येकीसाठी स्वतंत्र चाक आहे. लांबी सुमारे ४९ सेंमी, वजन अडीच किलोंच्या आसपास.

४/ दस्ता चेरीच्या लाकडाचा; त्यात कोरीव सांबरशिंगाचे जडावकाम. पोलादावर साम्राज्याचा दुतोंडी गरुड आणि हर्क्युलिसचे दोन स्तंभ. हे स्तंभ म्हणजे जिब्राल्टर, प्राचीनांच्या मते जगाची सीमा. सोबत चार्ल्सचे ब्रीद: ‘प्लुस उल्त्रा’, म्हणजे ‘आणखी पुढे’. अमेरिकेपर्यंत सत्ता पोहोचलेल्या सम्राटाचा हा दावा होता.

५/ असे यंत्र महाग आणि नाजूक असे. म्हणून सामान्य पायदळाच्या हाती तोड्याची बंदूकच राहिली. व्हील-लॉक मुख्यतः घोडेस्वारांकडे आणि श्रीमंत शिकाऱ्यांकडे गेले. नक्षीकाम ही त्या मालकीची जाहीर खूण ठरली.

६/ आज हे पिस्तूल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते पाहताना नजर आधी गरुडावर आणि शिंगाच्या कोरीवकामावर खिळते. पण त्या नक्षीखाली दडलेली कळ तीच आहे, जिच्या धास्तीने एका सम्राटाला कायदा करावा लागला होता.