डोक्याची जखम भरली. आता कामावर कधी जायचं?

‘डॉक्टर, सीटी स्कॅन नॉर्मल आलाय. सोमवारपासून ड्युटीवर जाऊ ना?’ डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा हा नेहमीचा प्रश्न. उत्तर देण्याआधी इतिहासातली दोन उदाहरणं सांगतो.

मार्च १९६२. बार्बाडोसमध्ये भारताचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा वेगवान चेंडू आदळला. तेव्हा फलंदाज हेल्मेट घालत नसत. कवटीला फ्रॅक्चर झालं, कित्येक दिवस शुद्ध नव्हती. तातडीने ऑपरेशन झालं. वेस्ट इंडिजचे कप्तान फ्रँक वॉरेल, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं. पुढे डोक्यात धातूची पट्टी बसवली गेली. ती थेट २०२२ मध्ये काढली.

साधारण दहा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टर पुन्हा मैदानात उतरले आणि अनेक वर्षं प्रथम श्रेणीचे सामने खेळले. कसोटी संघात मात्र त्यांना पुन्हा जागा मिळाली नाही. म्हणजे काम करण्याची ताकद परत येणं वेगळं आणि जुनी जागा परत मिळणं वेगळं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. १८४८ मध्ये रेल्वेच्या कामावरचा मुकादम फिनिअस गेज याच्या मेंदूच्या पुढच्या भागातून सुमारे सहा किलोची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव इतका बदलला की मुकादमाची जागा त्याला परत मिळाली नाही. तरीही पुढे चिली देशात त्याने काही वर्षं घोडागाडी हाकली. रोजची ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेलं काम. अशी घडी बसल्यामुळेच त्याला ते जमलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

आता तुमच्याकडे वळू. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, फ्रॅक्चर दिसतं. लवकर येणारा थकवा, चिडचिड, विसराळूपणा, एका वेळी दोन कामं न जमणं हे त्यात दिसत नाही. घरी बसून बरं वाटणारा माणूस सकाळच्या गर्दीत भाईंदरहून चर्चगेटला उभ्याने पोहोचला, की निम्मा दमलेला असतो. खरं काम तर त्यानंतर सुरू होतं!

म्हणून पहिल्या दिवसापासून पूर्ण ड्युटी नको. डॉक्टरांशी बोलून आधी अर्धा दिवस, मग हळूहळू वेळ वाढवा. शक्य असेल तर गर्दी टाळून निघा. रात्रपाळी, उंचावरचं काम, मशीन चालवणं, गाडी चालवणं हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. फिट आली असेल तर मुळीच नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली, हातपाय लुळे वाटले, तर थेट हॉस्पिटल गाठा.

साहेबांनी ‘जमत नसेल तर राजीनामा द्या’ म्हटलं तर घाईने सही करू नका. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. १९९५ च्या कायद्यात ही तरतूद होती, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. खासगी नोकरीत ईएसआयसीचं कार्ड असेल, तर आजारपणाच्या रजेतही ठरावीक रक्कम मिळते. त्याची चौकशी करा.

घरच्यांनाही एक विनंती. ‘दिसतोय तर ठणठणीत, मग आळस कसला?’ असं म्हणू नका. टाके आठवड्या-दोन आठवड्यांत निघतात. मेंदूला महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त.