सोलापूरची जुनी गिरणी

सोलापूर शहरांतील एका पेठेला मुरारजी पेठ म्हणतात आणि तेथील एका विस्तीर्ण आवाराला ‘जुनी मिल’. कागदोपत्रीं तिचें नांव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी असें भारदस्त होतें. परंतु तें नांव सोलापूरकरांच्या तोंडीं कधीं बसलें नाहीं. एकोणिसावें शतक सरतां सरतां आणि विसाव्याच्या पहिल्या दशकांत नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु आणि जाम या गिरण्या शहरांत उभ्या राहिल्या, तेव्हां साहजिकच पहिली गिरणी ‘जुनी’ ठरली. पुढें तिच्या भागधारकांनीं, सरकारनें आणि न्यायालयांनीं ती नेमकी कोणाची याचा मोठा खल केला.

मुंबईच्या एका व्यापाऱ्यास सोलापुरांत गिरणी घालावीशी कां वाटली, हें समजण्यासाठीं आगगाडीपासून आरंभ केला पाहिजे. इ. स. १८६० मध्यें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापुरास पोंचली आणि लगेच पुढल्या वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा होऊन येथील कापसाचे भाव कडाडले. सोलापूरच्या आसपासचा कापूस गाडींत चढून मुंबईस जाऊं लागला आणि शहराला मोठ्या पेठेचें स्वरूप आलें. युद्ध संपलें, भाव कोसळले, पण लोहमार्ग आणि पेठ हीं मागें राहिलीं. याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, शहरांत हातमाग होते. तेलंगणांतून आलेले पद्मशाली, तसेच साळी, कोष्टी, मोमीन अशा विणकरांचीं हजारों घरें मागावर पोट भरीत होतीं. गिरणीनें हातमाग मारला असें सरसकट म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. सोलापुरापुरतें तरी तें विधान अर्धेंच खरें आहे. हातानें सूत कातणाऱ्या बायांचा धंदा यंत्रानें बुडविला खरा. परंतु विणणाऱ्याला स्वस्त व एकसारखें सूत हवेंच होतें. गिरणीच्या सुताचें पहिलें गिऱ्हाईक तिच्या दारांतच बसलें होतें.

शेठ मोरारजी गोकुळदास या भाटिया व्यापाऱ्यानें ही गोष्ट हेरली. मुंबईंत त्यांची गिरणी होतीच. मुंबईच्या गिरणीवाल्यास कापूस आंतल्या मुलुखांतून आणावा लागे आणि सूत पुन्हां आंत पाठवावें लागे. सोलापुरास गिरणी घातली तर हा दुहेरी हेलपाटा वांचणार होता. दगडी कोळसा मात्र दुरून आणणें भाग होतें. पाण्याचा प्रश्नहि या कोरड्या प्रदेशांत लहान नव्हता. तरीहि हिशोब जमला आणि १८७७ सालीं गिरणीचीं चाकें फिरूं लागलीं. त्या काळांत दक्षिणेंत १८७६-७८ चा भीषण दुष्काळ चालू होता. करपलेलें शेत सोडून आलेल्या माणसाला गिरणीची मजुरी हा आधार वाटला तर त्यांत नवल नाहीं. मोरारजी मात्र आपल्या या गिरणीचा भरभराटीचा काळ पाहण्यास राहिले नाहींत. १८८० सालीं, ऐन शेहेचाळिशीच्या सुमारास, त्यांचें निधन झालें. सोलापूरच्या जिभेवर ‘मोरारजी’चें ‘मुरारजी’ झालें आणि पेठेच्या रूपानें राहिलें.

गिरणीनें शहराला घड्याळ दिलें. पहांटेच्या भोंग्यानें केवळ कामगारच नव्हे, तर त्याची भाकरी थापणारी घरधनीण, पाळीच्या वेळीं चहा विकणारा दुकानदार, पगाराच्या दिवशीं फाटकाशीं उभा राहणारा सावकार, हे सारेच त्या आवाजाला बांधले गेले. कामाला सुमार नव्हता. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना या देशांत कायद्याची मर्यादा प्रथम पडली ती १९११ सालीं, आणि ती सुद्धां बारा तासांची! सोलापूरच्या गिरण्यांतील एक वर्ग तर तारेच्या कुंपणांतून कामावर येई. सरकारनें ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारलेल्या लोकांची वसाहत विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें वसविण्यांत आली. या माणसांना गिरणींत काम करण्याची मुभा होती, हजेरीवांचून कुंपण ओलांडण्याची नव्हती. मुंबई इलाख्यांत तो कायदा रद्द होण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. सोलापुरी कापडाच्या लौकिकाची कथा सांगतांना हें कुंपण बहुधा वगळलें जातें.

असा कामगार मुका राहणें शक्य नव्हतें. १९२० च्या आरंभीं सोलापूरच्या गिरण्यांत मोठा संप झाला. १९३० च्या मे महिन्यांत गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलें, गोळीबार झाला आणि लष्करी कायदा पुकारण्यांत आला. त्या धामधुमींत गिरणी कामगार आघाडीवर होते. १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे फांसावर गेले.

आतां कंपनीच्या अंतरंगाकडे वळलें पाहिजे. त्या काळच्या बहुतेक गिरण्यांप्रमाणें येथेंहि ‘मॅनेजिंग एजंट’ची पद्धत होती. भाग विकत घेणारे अनेक, परंतु कारभार एका पेढीच्या हातीं. कापूस खरेदी तिची, माल विक्री तिची, आणि त्यावर अडत, दलाली व मेहनतानाहि तिचा. कर्तबगार माणूस असला कीं या पद्धतीनें गिरणी झपाट्यानें वाढे, कारण निर्णयाला वेळ लागत नसे. परंतु गिरणीचा नफा आणि पेढीचा नफा या दोन गोष्टी वेगळ्या होऊं शकतात, हें या पद्धतीचें मर्म होतें. गिरणी तोट्यांत असतांहि पेढीला खरेदी-विक्रीवर चार पैसे सुटत. अशा स्थितींत झिजलेल्या यंत्रांच्या जागीं नवीं आणण्याची घाई कोणाला असणार? दुसऱ्या महायुद्धांत मागणी इतकी होती कीं जुन्या यंत्रांचें कापडहि हातोहात खपे. तेवढ्यानें दुखणें झांकलें गेलें.

युद्ध संपल्यावर तें उघडें पडलें. २७ ऑगस्ट १९४९ रोजीं गिरणीचें फाटक बंद झालें आणि हजारों माणसें एका दिवसांत बेकार झालीं. सरकारनें गिरणीवर नियंत्रक नेमला. नियंत्रकाला पैसा हवा होता आणि तो कोठें आहे हें हिशोबाच्या वहींतच दिसत होतें. कंपनीचें भांडवल ४८ लाखांचें ठरलेलें, पण भरलेलें ३२ लाखच. कारण अग्रहक्काच्या ३२,००० भागांवर प्रत्येकीं शंभरांपैकीं पन्नासच रुपये घेतलेले होते. उरलेले पन्नास मागावेत असें नियंत्रकानें सुचविलें. ही मागणी कंपनीच्या व भागधारकांच्या हिताची नाहीं, असें म्हणून संचालकांनीं ती नाकारली.

तेव्हां ९ जानेवारी १९५० रोजीं, संविधान अमलांत येण्यास अवघे सतरा दिवस उरले असतां, केवळ या एका कंपनीसाठीं वटहुकूम निघाला. एप्रिलांत त्याचा कायदा झाला. गैरकारभार, आवश्यक वस्तूच्या उत्पादनास बसलेला धक्का आणि बेकारी, हीं त्याचीं कारणें प्रास्ताविकांत नमूद होतीं. जुने संचालक गेले, मॅनेजिंग एजंटांचा करार संपला, सरकारनें नवे संचालक नेमले, आणि त्यांनीं उरलेल्या पन्नास रुपयांची मागणी काढली. भागधारकांचे भाग त्यांच्याकडेच राहिले, मात्र संचालक निवडण्याचा अधिकार गेला.

चिरंजीतलाल चौधरी या भागधारकानें सर्वोच्च न्यायालयांत तक्रार नेली कीं, देशांत इतक्या गिरण्या असतां आमचीच कां? ४ डिसेंबर १९५० रोजीं पांच न्यायमूर्तींपैकीं तिघांनीं कायदा उचलून धरला. विशेष परिस्थितींत एकटी कंपनीहि एक वर्ग ठरूं शकते, असा त्यांचा आशय होता. दोघांनीं विरुद्ध मत दिलें. पुढें द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकानें पन्नास रुपयांच्या मागणीलाच आव्हान दिलें. १८ डिसेंबर १९५३ रोजीं त्याच न्यायालयानें हा कायदा म्हणजे भरपाईवांचून मालमत्ता ताब्यांत घेणें आहे, असें ठरवून तो रद्दबातल केला. १९५० सालीं अल्पमतांत राहिलेले न्यायमूर्ति सुधीरंजन दास या वेळीं विजयी पक्षांत होते. संसदेनें १९५५ सालीं चौथी घटनादुरुस्ती करून, सरकारनें एखाद्या मालमत्तेचा कारभार ठराविक मुदतीसाठीं हातीं घेतल्यास त्याला अशा कारणांवरून आव्हान देतां येऊं नये, अशी तजवीज केली.

या वादांत भागधारकाचा हक्क, सरकारचा अधिकार आणि ‘मालमत्ता’ या शब्दाचा अर्थ यांचा कीस काढला गेला. कामगार हा कायद्याच्या प्रास्ताविकांत बेकारीच्या रूपानें आला होता खरा. मालकीच्या तराजूंत मात्र त्याचें वजन कोणीं केलें नाहीं. सत्तर वर्षें ज्याच्या घरांतील माणसें त्या साच्यांवर उभीं राहिलीं, त्याचा गिरणीवर कांहीं हक्क पोंचतो काय, हा प्रश्न न्यायासनापुढें आलाच नव्हता.

गिरणी मधून मधून पुन्हां चालली, पण तिच्यांत जीव राहिला नव्हता. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ती कायमची थांबली. पुढें लक्ष्मी-विष्णु बंद पडली, नरसिंगगिरजीहि गेली. सुटलेले कामगार यंत्रमागांकडे वळले, कित्येक घरांत बायकांच्या विड्यांवर चूल पेटूं लागली. ज्या विणकरांच्या भरंवशावर मोरारजींनीं गिरणी घातली, त्यांचे माग मात्र, हाताचे जाऊन विजेचे झाले तरी, चालू राहिले. त्यांवरच्या सोलापुरी चादरीला विसाव्या शतकानंतर भौगोलिक मानांकनहि मिळालें. सूत आतां बाहेरगांवाहून येतें.